पोटासाठी वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांनी योग कोणता करावा, आणि कधी?

भाता_आणि_सूर

२१ जून जवळ आला. २०१५ पासून हा योग दिन, आणि फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला संगीत दिनही नेमका त्याच तारखेला. कोल्हापुरात दोन्हीकडचे कार्यक्रम ठरायला लागलेत. पण योगाचा आणि गाण्याबजावण्याच्या धंद्याचा एकमेकांशी काय संबंध, यावर आपल्यात कुणी नीट बोलत नाही, म्हणून हा धागा.

मी पेटीची साथ करून घर चालवतो. माझं स्पष्ट मत आहे की हौशी माणसापेक्षा पोटासाठी वाजवणाऱ्याला योगाची जास्त गरज आहे, कारण आमचं अंग एकाच बाजूला झिजतं. पेटीवाला गवयाच्या डाव्या हाताला बसतो. म्हणजे डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर, आणि मान सतत उजवीकडे, गवयाच्या तोंडाकडे. तबलजी पलीकडे बसतो, त्याची मान डावीकडे. बासरीवाल्याचे दोन्ही हात उजवीकडे उचललेले. सतारवाला डावा पाय मुडपून त्यावर उजवा टाकतो आणि तसाच दोन तास बसतो. वर्षानुवर्षं हेच चालतं. साध्या योगवर्गात मात्र बँकेतला साहेब आणि ढोलकीवाला दोघांना एकच पाठ: बारा सूर्यनमस्कार, सर्वांगासन, कपालभाती, घरी जा.

तर विचारतो. कुठल्या वाद्याला कशाचा गुण आला? कशानं त्रास झाला? आणि रात्री दोनला घरी येणाऱ्यानं हे करायचं कधी? गवई, बँडवाले, बेंजोवाले, झांजपथक, भजनी मंडळ, सगळ्यांनी लिहा.

धनगरी_ढोल

भावा, तिसऱ्या प्रश्नासाठी तुला आमच्याकडनं गजी ढोलाची सलामी! सगळे योगवर्ग पहाटे साडेपाचला. त्या टायमाला आम्ही कुठल्यातरी गावात टेम्पोत ढोल चढवत असतोय.

पेठेतला_तबलजी

चांगला विषय काढलात दादा. तबल्याबद्दल लिहितो.

आमचा त्रास तीन ठिकाणी. एक, मान आणि डावा खांदा. दोन, कंबर, कारण पुढे झुकून बसायची सवय लागते आणि मांडीखाली काही घेतलं तर लोक हसतील असं वाटतं. तीन, डाव्या हाताचं मनगट. डग्ग्यावर (डाव्या हाताच्या मोठ्या तबल्यावर) घिस्सा, म्हणजे हात घासून घुमारा काढताना तळहाताची गादी दाबलेली असते आणि मनगट मागे वळलेलं असतं. द्रुत लयीत ते तसंच अडकून राहतं.

मला गुण आला तो साध्या गोष्टींचा. गोमुखासनातले फक्त हात, म्हणजे एक हात वरून आणि एक खालून पाठीमागे नेऊन बोटं गुंफायची. मागे बोटं पोचत नसतील तर टॉवेल धरायचा. दोन्ही बाजू करायच्या, पण जी बाजू अडते ती दोनदा. त्यानंतर मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर राहून मांजरासारखी पाठ वर-खाली, श्वासाबरोबर, सावकाश. मग शलभासन (पालथं झोपून पाय उचलायचे), कारण पाठीचे स्नायू बळकट असले तर माणूस आपोआप ताठ बसतो, नुसतं 'ताठ बस' म्हणून कुणी बसत नाही. मांडीसाठी बद्धकोनासन, बसून तळपाय एकमेकांना जोडायचे. आणि बैठकीला घडी घातलेलं घोंगडं घ्या, दोन-तीन इंच उंच. कंबर गुडघ्यांच्या वर आली की पाठीचा बाक जातो. स्टेजवर हे घ्यायला लाजू नका. गवई ऐकतात ते तुमचा ठेका, घोंगडं कुणी बघत नाही.

मनगटाला मात्र आसनापेक्षा विश्रांती लागते. दुखतंय आणि वर आणखी ताणतोय, हे करू नका.

रंकाळावासी

याला मोठा दाखला आहे. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत आले होते. थकवा होता, झोप नीट लागत नव्हती. पुण्याहून योगगुरू बी. के. एस. अय्यंगार त्यांना भेटायला गेले. भेट पाच मिनिटांची ठरली होती, ती काही तास चालली, आणि त्या भेटीत मेन्युहिन शांत झोपी गेले. पुढे १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेलं आणि एक घड्याळ भेट दिलं. 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन गुरूंना' अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला होता.

व्हायोलिन न वाजवणाऱ्या माणसाला एवढा मोठा वादक व्हायोलिनचा गुरू म्हणतो, यातच भाता_आणि_सूर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

धनगरी_ढोल

लै भारी! पण मेन्युहिन साहेबांना मिरवणुकीत गंगावेशीपासून पापाच्या तिकटीपर्यंत ढोल गळ्यात घेऊन चालायला लावलं असतं तर अय्यंगार गुरुजींना तिथंच मुक्काम करावा लागला असता.

काळी_पाच

धाग्यात वादकच बोलतायत, म्हणून गायिका म्हणून लिहिते. विषय नाजूक आहे, कुणी रागावू नये.

प्राणायाम केला की आवाज सुधारतो, असं सरसकट सांगितलं जातं. कुठला प्राणायाम, कुठल्या वेळी, हे सांगत नाहीत. कपालभाती कार्यक्रमाच्या आधी अजिबात करू नये. जोरजोरात श्वास सोडून नाक-घसा कोरडा पडतो, पोट ताठरतं, आणि मग मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, बसत नाहीत. उज्जायीत घसा मुद्दाम आवळून श्वास घेतात. ज्या गवयाला आधीच गळा आवळून गायची सवय आहे त्यानं ते जपून करावं. माझ्या गुरुजींनी ते मला बंदच करायला लावलं.

याउलट भ्रामरीचा फायदा स्वच्छ जाणवतो. ओठ मिटलेले, दात सुटे, जबडा सैल, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, हलका गुंजारव. ओठांवर आणि नाकाच्या हाडावर कंप जाणवला की समजायचं, आवाज बरोबर जागी आहे. आवाजाचे डॉक्टरसुद्धा थकलेल्या गळ्याला गुणगुणण्याचा किंवा नळीतून स्वर काढण्याचा व्यायाम देतात, तो याच जातीचा. पहाटे खर्ज (अगदी खालच्या सुरांचा रियाज) लावण्याआधी हे केलं तर खर्ज लवकर बसतो.

सकाळचा_सूर्य

काळी_पाच ताई, मी योग शिकवतो आणि कपालभातीबद्दल थोडा मतभेद आहे. ती शुद्धिक्रिया आहे, तिची जागा पहाटे, रिकाम्या पोटी. कार्यक्रमाच्या आधी करू नये हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण एरवी सावकाश, बेतानं केली तर कफ मोकळा होतो आणि पोटाच्या स्नायूंवर ताबा येतो. तान घेताना पोटातून जो झटका लागतो त्याला हा ताबा उपयोगी पडतो. टीव्हीवर बघून मिनिटाला शंभरच्या वेगानं करणं हा दोष करणाऱ्याचा, क्रियेचा नाही.

भ्रामरीबद्दल भर घालतो. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू नुसत्या श्वासापेक्षा सुमारे पंधरा पट असतो. नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवा त्या कंपानं खेळती राहते. पावसाळ्यात ज्यांचं नाक सतत भरलेलं असतं त्यांनी हे जरूर करावं.

काळी_पाच

सूर्यदादा, सावकाश आणि पहाटे, एवढी अट घातलीत तर माझी ना नाही. उज्जायीवर मात्र मी ठाम आहे.

सकाळचा_सूर्य

उज्जायीत गुरू समोर हवा, हे खरं. पुस्तकावरून करू नये.

पांढरा_रस्सा

गवई मंडळींनी रात्री बाराला कार्यक्रम संपल्यावर तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं होणं थांबवलं तर निम्मा घसा तिथंच सुधारेल. तुमची भ्रामरी त्या रश्श्यापुढे कशी टिकणार!

काळी_पाच

हसण्यावारी नेऊ नका, हे खरं आहे. जेवून लगेच झोपलं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जाड, खरखरीत होतो. रात्रीचे कार्यक्रम करणाऱ्यांत हा त्रास घरोघरी आहे. कार्यक्रमाआधी सात वाजता जेवा, नंतर हलकं काहीतरी घ्या. झोपताना डावी कूस, उशाकडची बाजू उंच.

देवल_क्लबचा_श्रोता

मी वाजवत नाही, ऐकतो. १८८३ पासून ज्या शहरात देवल क्लबसारखी संगीतसंस्था चालतेय तिथं हा विषय निघाला याचा आनंद झाला. एक आठवण करून देतो. शाहू महाराजांच्या दरबारातले उस्ताद अल्लादिया खाँ. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज बिघडला होता, आणि त्यानंतर त्यांनी आपली गायकी नव्यानं घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची ती पेचदार गायकी आपण डोक्यावर घेतो. पण अतिश्रमानं एवढ्या मोठ्या गवयाचाही आवाज जातो, ही अर्धी गोष्ट आपण तरुण मुलांना सांगत नाही.

मोडका_माईक

मी जरा वेगळं बोलतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. पाच तास उभं राहायचं, जेवण कधी मिळेल त्याचा पत्ता नाही, एका सुपारीचे पैसे पुढच्या सुपारीपर्यंत अडकलेले. आणि लोक सांगतात, योग करा, ताण जाईल. ताण पैशाचा आहे हो. आयोजकानं स्टँडची उंची बदलायला दहा मिनिटं दिली, एक स्टूल दिलं, वेळेवर मानधन दिलं, तर माझी निम्मी पाठदुखी जाईल. योगाच्या नावाखाली सगळी जबाबदारी वादकाच्या अंगावर टाकू नका, एवढंच.

भाता_आणि_सूर

माईकभाऊ, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो धाग्याच्या वर चिकटवायला हवा. पण आयोजक सुधारेपर्यंत अंग आपलंच झिजतंय. स्टूलही मागायचं आणि आसनही करायचं. मी हल्ली सुपारी घेतानाच सांगतो, पेटीखाली चौरंग लागेल. पहिल्यांदा तोंडं वाकडी होतात, नंतर चौरंग तयार असतो.

हाडं_आणि_सांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाहूपुरीत काम करते. माझ्याकडे तबलजी, बँडवाले, व्हायोलिन शिकणारी मुलं येतात. दोन अभ्यास सांगते, कारण इथं योगाकडून काही अपेक्षा जास्त आणि काही कमी ठेवल्या जातायत.

मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात, त्याला कार्पल टनेल म्हणतात. १९९८ साली अमेरिकेत ४२ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अय्यंगार पद्धतीवर बेतलेली अकरा आसनं दिली, निम्म्यांना मनगटपट्टा देऊ केला. आसनं करणाऱ्यांच्या पकडीची ताकद वाढली, दुखणं कमी झालं. लक्षात घ्या, ती आसनं नुसत्या मनगटाची नव्हती. खांदे, छाती, पाठ, सगळ्याची होती. तबलजी दादांनी गोमुखासन सांगितलं ते म्हणूनच योग्य.

दुसरा अभ्यास थेट तरुण व्यावसायिक संगीतकारांचा, २००९ साली प्रसिद्ध झाला. योग आणि ध्यान करणाऱ्यांची चिंता, उदासी, राग हे सगळं उतरलं, आणि मंचावर जाण्याची भीतीही कमी होण्याकडे कल दिसला. पण वाजवण्यातून होणाऱ्या हाडा-स्नायूंच्या दुखण्यात फरक पडला नाही. म्हणजे योग सुरू केला की खांदा आपोआप बरा होणार, असं धरून चालू नका. खांद्याला खांद्याचा व्यायाम लागतो, आणि वाजवण्याची बैठक बदलावी लागते. बोटं आपोआप वळायला लागली, ठरावीक बोलालाच अडायला लागली, किंवा रात्री मुंग्यांनी जाग यायला लागली, तर आसनं शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा.

पेठेतला_तबलजी

मॅडम, फार उपयोगी लिहिलंत. भीतीचं मी स्वतः सांगतो. मोठ्या गवयाच्या साथीला पहिल्यांदा बसताना हात गार पडतात. गार हातानं चाट (तबल्याच्या काठावरचा बोल) वाजत नाही, नुसता टक्क आवाज येतो. स्टेजवर जायच्या आधी मी ग्रीन रूममध्ये बसून श्वास सोडणं लांबवतो. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर. थोड्या वेळात तळहात गरम होतात. गरम झाले की तबला सुरात मिळवायला घेतो. आधी नाही.

पितळी_सूर

आम्ही बँडवाले, ट्रम्पेट. आमच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

दमसास वाढवायला मी एका वर्गात जात होतो. तिथं सगळ्यांना शीर्षासन लावलं. माझ्या वडलांना काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरनी मला सांगितलं की शीर्षासनात डोळ्यांतला दाब दुपटीच्या आसपास जातो, आणि ट्रम्पेट जोरात फुंकतानासुद्धा दाब वाढतोच. म्हणजे आमच्या धंद्यात आधीच एक दाब, त्यात दुसरा कशाला? वर्गात हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तवा ट्रम्पेट, सॅक्सोफोन, सनई फुंकणाऱ्या मंडळींनी आधी डोळे तपासून घ्या, मग उलटं व्हा. घरात कुणाला काचबिंदू असंल तर नक्कीच.

दमसासाला मला अनुलोम-विलोम आणि लांब श्वास सोडणं यांचा गुण आला. छाती काय मोठी होत न्हाई, पण वारा किती सोडायचा ते हातात येतं. ओढून घेतलेला श्वास एकदम निसटत न्हाई.

सकाळचा_सूर्य

पितळी_सूर दादा, तुमचं म्हणणं शिक्षक म्हणून मी मनावर घेतो. वर्गात येणाऱ्याला आधी रक्तदाब, डोळे, मान आणि धंदा विचारलाच पाहिजे. उलटी आसनं सगळ्यांना नसतात.

ताशाचा_पोरगा

ताशा वाजवून कानात शिट्टी वाजतीया. रात्री जास्त. कुणी म्हणालं कान धरून भ्रामरी कर. करू का?

हाडं_आणि_सांधे

भाऊ, भ्रामरी कर, झोपायला मदत होईल. पण गेलेलं ऐकणं त्यानं परत येत नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऐकण्याची तपासणी करून घे. हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास चालतं, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ताशाशेजारी किंवा डॉल्बीच्या भिंतीपुढे आवाज त्याच्याही वर जातो, आणि तुम्ही तिथं सगळी रात्र असता. कानात बोळे घालून वाजव. कापसानं भागत नाही, फोमचे घे, मेडिकलमध्ये मिळतात. पथकातल्या सगळ्यांना द्या.

धनगरी_ढोल

पोरा, हे ऐक. आमच्यातल्या म्हाताऱ्यांशी वरडून बोलावं लागतंय. कुणालाच वाटलं न्हवतं ते ढोलामुळं असंल.

मोडका_माईक

आणि डॉल्बीवाल्या पोरांचं कोण बघणार? ती तर भिंतीला पाठ लावून झोपतात.

पांढरा_रस्सा

डॉल्बीचा वेगळा धागा काढा, नाहीतर हा धागा अनंत चतुर्दशीपर्यंत चालेल.

भाता_आणि_सूर

खरंय, डॉल्बीला वेगळा धागा हवाच, माईकभाऊंनी काढावा. मी परत माझ्या तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण त्याला अजून उत्तर मिळालं नाही. कधी करायचं?

काळी_पाच

पहाटेचा हट्ट सोडा, हे माझं उत्तर. रात्री तीनला झोपलेल्या माणसानं पाचला उठून योग केला तर त्याला झोप बुडवल्याचं नुकसान जास्त. दहाला उठा, तोंड धुऊन, चहाच्या आधी, पोट रिकामं असताना वीस मिनिटं. तीच तुमची पहाट.

सकाळचा_सूर्य

मी सहमत आहे, आणि योग शिकवणारा म्हणून हे मुद्दाम लिहितो. पोट रिकामं असणं महत्त्वाचं, घड्याळ नंतर. रात्री कार्यक्रमाहून आल्यावर भिंतीला पाय टेकून विपरीत करणी, कंबरेखाली चादरीची घडी. दहा मिनिटं. तासन्‌तास उभं राहून किंवा चालून पोटऱ्या भरून येतात, त्या मोकळ्या होतात. पितळी_सूर दादांसारखी डोळ्यांची शंका असेल तर पाय खुर्चीवर ठेवा, तेवढंच पुरे. नंतर शवासन. डोक्यात गाणी वाजत राहतात आणि झोप येत नाही, ही तक्रार मी खूप कलाकारांकडून ऐकतो. त्यांनी शवासनात लक्ष फक्त सोडलेल्या श्वासावर ठेवावं.

धनगरी_ढोल

हे जमंल. यात्रेच्या मुक्कामी देवळाच्या भिंतीला पाय लावून पडायला कोण न्हाई म्हणतंय? ढोल कंबरेला बांधून दिवसभर नाचल्यावर पाठीला काय करू, तेवढं सांगा.

हाडं_आणि_सांधे

ढोलाचं वजन पुढे असतं, म्हणून कंबर मागे कलते आणि पाठीची खालची बाजू आवळते. मिरवणुकीनंतर पुढे वाकायची घाई करू नका. पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी, मग दोन्ही. त्यानंतर मार्जारासन. एरवीच्या दिवशी सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर उचलायची) आणि नौकासन (बसून पाय उचलून नावेसारखं व्हायचं), पोट आणि नितंब बळकट व्हायला. पट्टा रुंद करा, खाली गादी लावा. अरुंद दोरी खांद्यात रुतते आणि हाताला मुंग्या येतात.

इचलकरंजीची_आई

उशिरा येतेय. माझी मुलगी अकरा वर्षांची, व्हायोलिन शिकते. आपल्या पद्धतीनं, खाली बसून, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर. मान डावीकडे वाकलेली दिसते. आतापासून काही करून घ्यावं का? की खेळू द्यावं?

रंकाळावासी

ताई, दोन्ही. पण आधी वाद्याचं माप बघा. लहान मुलांना अर्ध्या, पाऊण मापाचं व्हायोलिन मिळतं. मोठं वाद्य दिलं की मान वाकतेच.

हाडं_आणि_सांधे

अगदी बरोबर, आधी माप. आणि अकरा वर्षांच्या मुलीला पळू द्या, पोहू द्या, रंकाळ्यावर सायकल चालवू द्या. रियाजाच्या मध्ये दर वीस मिनिटांनी उठवा. ताडासनात हात वर, मग पर्वतासन, मान दोन्हीकडे सावकाश. यापेक्षा जास्त नको. दुखतं म्हणाली तर रियाज थांबवा, 'थोडं सहन कर' म्हणू नका. शिक्षकांनाही हे सांगून ठेवा.

पेठेतला_तबलजी

आणि ताई, डाव्या बाजूला झुकते तर बसायला खाली घोंगडं द्या. माझ्या शिष्यांनाही मी पहिल्या दिवसापासून तेच देतो.

इचलकरंजीची_आई

माप आजच बघते. घोंगडंही देते. तिच्या सरांना हा धागा पाठवलाय.